शिफ्टचे बटण आणि एक हात



आपल्यापैकी काहींनी दिलेले जुने संगणक आता वसतिगृहातील मुलींच्या रोजच्या वापरात आहेत. त्यांतल्या नववीच्या एका मुलीचा डावा हात जन्मापासून चालत नाही. उजव्या हाताने ती बऱ्यापैकी टाइप करी, पण शिफ्टची वेळ आली की शेजारणीला हाक मारावी लागे. शेजारीण कंटाळली, आणि हिने वर्गाला येणेच सोडले.

मराठी टाइप करताना शिफ्ट पदोपदी लागते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘क’ साधा, पण ‘ख’ला शिफ्ट, ‘ग’ साधा, ‘घ’ला शिफ्ट, ‘द’ साधा, ‘ध’ला शिफ्ट. स्वरही शिफ्टवरच, म्हणजे नुसते ‘आई’ लिहायचे तरी दोनदा शिफ्ट. बोटे ताणून काही अक्षरे एका हाताने जमतात, पण वेग जातो आणि मनगट दुखते.

यावरचा उपाय विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्याला पैसे पडत नाहीत. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा. ‘स्टिकी कीज’ सुरू करायचे का, असा प्रश्न पडद्यावर येतो, ‘यस’ म्हणा. यानंतर शिफ्ट दाबून सोडून द्यायचे आणि मग अक्षर दाबायचे. दोन्ही एकदम धरावे लागत नाही. कंट्रोलचेही तसेच.

आम्ही हे सुरू करून दिले आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी ते बंद! कारण असे की कोणी दोन बटणे एकदम दाबली, तर स्टिकी कीज आपोआप बंद होते. विंडोजचे बटण आणि ‘यू’ दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर, कीबोर्डच्या भागात ही खूण काढून टाकता येते. शिवाय ही मांडणी त्या-त्या युजर अकाउंटपुरती राहते. एका संगणकावर दहा मुली बसत असतील, तर हिच्यासाठी वेगळे अकाउंट उघडावे. नाहीतर बाकीच्या नऊजणी वैतागतात.

ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी ‘फिल्टर कीज’ आहे. चुकून लागलेला किंवा पुन्हा-पुन्हा लागलेला धक्का संगणक मोजत नाही. उजवे शिफ्ट आठ सेकंद धरले की ते सुरू करण्याविषयी विचारणा होते. हे नकळत सुरू झाल्यामुळे मी एक चांगला कीबोर्ड बिघडला म्हणून अडगळीत टाकला होता, हे कबूल केलेले बरे.

कमी दिसणाऱ्यांसाठी विंडोजचे बटण आणि अधिकचे चिन्ह दाबले की पडदा मोठा होतो. विंडोज आणि एस्केपने तो पूर्ववत होतो. अजिबात न दिसणाऱ्यांसाठी ‘एनव्हीडीए’ हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने 2006 मध्ये त्याची सुरुवात केली. तो मराठीही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण कानाला सवय होते.

जुना संगणक पाठवणाऱ्यांना एक विनंती. विंडोज नव्याने टाकले की वरचे सारे पुसले जाते, म्हणून जमल्यास यंत्राबरोबर स्वतः या आणि तासभर बसा. कोणाला काय जड जाते ते मुलींनाच विचारा. आधी त्या ‘काही नाही’ म्हणतात.

ती मुलगी आता वर्गाला येते. तिच्या पडद्याच्या कडेला तिनेच चिठ्ठी चिकटवली आहे: ‘शिफ्ट पाच वेळा.’