किलोभर तारेतलं जस्त

विनोबांचं जन्मगाव म्हणून पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा कुठल्याही कोकणी गावात कलमांच्या वाडीला कुंपण घालायचं ठरलं की तार गेज पाहून निवडतात आणि किलोवर घेतात. माझं म्हणणं असं, की तार किती पावसाळे काढेल हे या दोन मापांतून कळतच नाही. ते ठरवतं तिच्यावरचं जस्त. म्हणून चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे, हे बिलावर लिहून घेतलं पाहिजे.

तार बनते ती थोडक्यात अशी: साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीची पोलादी सळई साबणाची पूड लावून टंग्स्टन कार्बाइडच्या साच्यांतून ओढत बारीक करतात, तापवून मऊ करतात, आम्लात धुतात आणि सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तातून काढतात. 1837 साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी या रीतीचं पेटंट घेतलं. खरी गंमत पुढे आहे. हा मुलामा रंगासारखा नुसता वर बसत नाही. लोखंड आणि जस्त एकमेकांत मुरून मिश्रधातूचे थर होतात आणि सर्वांत वर शुद्ध जस्त उरतं. रंगाला चरा पडला की गंज आतून पसरतो. जस्ताला चरा पडला तर शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळतं. मात्र झिजायला ते शिल्लक असावं लागतं. दमट, खारट हवेत ते वर्षाला दोन मायक्रॉन किंवा त्याहून जास्त जातं. चौरस मीटरला 40 ग्रॅम म्हणजे जेमतेम साडेपाच मायक्रॉन, तीन वर्षांचीही बेगमी नाही. 240 ग्रॅम असेल तर त्याच हिशेबाने सोळा वर्षं.

‘जास्त जस्ताची तार परवडत नाही,’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण अडीच मिलिमीटर तारेचा हिशेब मांडून पाहावा. किलोभर तार सुमारे 26 मीटर भरते. हलक्या मुलाम्यात तिच्यावर 8 ग्रॅम जस्त असतं, भारी मुलाम्यात 49. फरक 41 ग्रॅमचा. खांब, खड्डे आणि मजुरी दोन्हीकडे तीच. ‘मग जाडच तार घ्यावी’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की जाड तार तुटायला वेळ लावते, गंजायला नाही. काट्याकुट्यांची वई स्वस्त खरी, पण ती दरवर्षी नव्याने घालावी लागते. गागोदे खाडीपासून आत असल्याने तिथे खाऱ्या वाऱ्याचा जोर कमी, हेही मान्य. तिथे जस्त सावकाश झिजेल. पण दोन तारांच्या आयुष्यातलं सहापटीचं अंतर तिथेही तेवढंच राहील.

भेंडोळं ठेवण्याचीही रीत आहे. ओल्या जमिनीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर वेढ्यांमध्ये पाणी साचतं, वारा पोचत नाही, जस्तावर संरक्षक कार्बोनेटचा थर धरत नाही आणि पांढरा गंज येतो. कुंपण उभं राहण्याआधीच जस्त खर्ची पडतं. फळ्यांवर, हवेशीर ठेवावं. मुलामा कुठे पातळ आहे हे पाहायची जुनी चाचणी मोरचुदाची, म्हणजे बागायतदाराच्या ओळखीच्याच वस्तूची. ठरावीक तीव्रतेच्या द्रावणात तारेचा तुकडा मिनिटभर बुडवायचा, धुऊन पुसायचा, पुन्हा बुडवायचा. जस्त आहे तोवर काळसर थर येतो आणि पुसला जातो. लोखंड उघडं पडलं की तिथे लाल, चकचकीत तांबं घट्ट धरतं आणि पुसून निघत नाही.