स्पर्शाविना उमटणारा प्रकाश
१९५३ साली हार्वर्ड विद्यापीठात स्मिथ आणि पर्सेल यांनी बारीक समांतर रेघा असलेल्या धातूच्या पृष्ठभागालगतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, आणि प्रकाश दिसला! इलेक्ट्रॉनला कुठे आदळावं लागत नाही, हेच मला विलक्षण वाटतं. त्याचं विद्युतक्षेत्र त्याच्यासोबत धावतं. त्याच्या ओढीने रेघारेघांपाशी धातूतले विद्युतभार हलतात आणि लहरी सुटतात. त्या एकमेकींत मिसळून ठरावीक दिशेला ठरावीक रंग देतात. रेघांमधलं अंतर किंवा इलेक्ट्रॉनचा वेग बदलला, की रंग बदलतो. तेव्हाचं अंतर होतं सुमारे १.७ मायक्रोमीटर. आज दीडशे-दोनशे नॅनोमीटरवर रेघा कोरता येतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या, प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडूनही डोळ्यांना दिसणारा प्रकाश मिळतो.