मोटार कोठे आहे? रेडिओचे उत्तर

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल जळगावहून धुळ्याजवळील लळिंगचा किल्ला पाहण्यास गेली होती. परत येताना पारोळा व एरंडोल यांच्या दरम्यान मोटार बिघडली. त्यातच अवकाळी पावसाने त्या भागातील मोबाईल फोन बंद पडले. मुले सुखरूप होती. परंतु शाळेच्या फाटकापाशी रात्री दहापर्यंत ताटकळत उभ्या राहिलेल्या आईबापांस ते कळावे कसे? त्यांच्या मुखावरील चिंता आम्ही अद्यापि विसरलो नाही. "मोटार या क्षणी कोठे आहे?" या एकाच प्रश्नाचे उत्तर देणारी विद्या हौशी रेडिओवाल्यांनी सिद्ध केली आहे. तिची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी, असे तेव्हापासून मनात होते.

या पद्धतीस 'एपीआरएस' म्हणतात. अमेरिकेतील नौदल अकादमीतील रॉबर्ट ब्रूनिंगा यांनी १९८२ मध्ये तिचा पाया घातला. १९८४ मध्ये १०० मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कोणता घोडा कोठे आहे, हे कळविण्यास त्यांनी तिचा उपयोग केला. आरंभी घोड्यांसाठी योजिलेली युक्ती पुढे मोटारींस लागू पडली.

आता तिचे कार्य पाहू. मोटारीत तीन वस्तू लागतात. पहिली, जीपीएस ग्राहक. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवितात. तो पोचण्यास किती वेळ लागला, यावरून उपग्रहाचे अंतर निघते. आणि निदान चार उपग्रहांवरून मोटारीचे अक्षांश-रेखांश ठरतात. जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर व ७५ अंश ३४ कला पूर्व रेखांशावर आहे, हे भूगोलात तुम्ही शिकलाच आहात. हा ग्राहक तेच गणित क्षणोक्षणी करीत असतो. दुसरी वस्तू ते आकडे उंच व खालच्या अशा दोन सुरांत बदलते. तिसरी वस्तू म्हणजे लहानसा प्रक्षेपक. तो प्रथम वाट मोकळी आहे की नाही हे ऐकतो, आणि मग चालकाचे सांकेतिक नाम, स्थान व वेग एका लहानशा संदेशात पाठवून देतो.

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्या अडतात. म्हणून उंच जागी पुनःप्रक्षेपक ठेवतात; तो ऐकलेला संदेश पुन्हा बोलून पुढे धाडतो. लळिंगच्या टेकडीसारखी जागा यास किती सोयीची, हे सांगावयास नको! शेवटी घरी बसलेल्या हौशी माणसाच्या संगणकावरील नकाशात मोटारीची खूण सरकू लागते. तथापि वाटेत असा पुनःप्रक्षेपक व ऐकणारे केंद्र नसेल, तर ही सारी सामग्री मुकीच राहील.

आमच्या देशानेही यात हात घातला आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला, सुमारे १ किलोग्रॅम वजनाचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी अंतराळात गेला. हौशी केंद्रांचे संदेश एकमेकांस पोचविणे हा त्याचा हेतू होता. पुढे १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४५ या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावर प्रत्यक्ष एपीआरएसचा पुनःप्रक्षेपकच बसविला होता.

एक गोष्ट मात्र पालकांनी ध्यानात ठेवावी. हौशी रेडिओवर गुप्त लिपी वापरता येत नाही. म्हणून मोटारीचे स्थान जसे आपणांस कळते, तसे परक्यासही कळते. शिवाय या लहरींचा धंद्यासाठी उपयोग करण्यास मनाई आहे.

ज्यांस गोडी वाटेल त्यांनी सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा. बारा वर्षे पूर्ण झालेल्यांस ती देता येते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात तारा तुटल्या असता हौशी रेडिओवालेच धावून गेले होते. फाटकापाशी वाट पाहणाऱ्या एखाद्या माउलीस "मुले सुखरूप आहेत" एवढे दोन शब्द पोचविता आले, तरी या विद्येसाठी केलेले श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.