दमट हवेत पाइपच्या तंबाखूची वाळवण : सापेक्ष आर्द्रतेच्या दृष्टीने विचार

प्रस्तावना

तंबाखूचे पान आर्द्रताशोषी असते, म्हणजेच ते सभोवतालच्या हवेशी पाण्याची सतत देवघेव करीत असते. पाइपमध्ये ओढावयाची तंबाखू डब्यात बहुधा ओलसरच भरली जाते. त्यामुळे पानाचा चुरा होत नाही व सुगंध टिकतो. पेटविण्यापूर्वी मात्र ती काहीशी वाळवावी लागते. ओली राहिल्यास ती वारंवार विझते, पाइपच्या नळीत पाणी साचते आणि गरम वाफेने जीभ पोळते. अति वाळल्यास ती भरभर जळते व तिचा गंध उडून जातो. थंड प्रदेशातील तापविलेल्या घरात ती कागदावर पसरून थोडा वेळ ठेवली तरी पुरते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे जुलै महिन्यात हाच उपाय केला तर दिवसभरानंतरही ती ओलीच राहते. आणखी वेळ दिल्यानेही हे साधत नाही. कारण येथे मर्यादा घालते ती हवा.

समतोल ओलावा

कोणत्याही सापेक्ष आर्द्रतेला पानातील ओलाव्याची एक ठरावीक पातळी असते. तेथे पोहोचल्यावर पान पाणी सोडतही नाही आणि घेतही नाही. धूम्रपानविषयक चाचण्यांपूर्वी तंबाखू २२ अंश सेल्सिअस तापमान व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता या स्थितीत ठेवावी, असे आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक ३४०२ सांगते. या स्थितीत पानात साधारणतः १२ ते १३ टक्के पाणी राहते, आणि पाइपसाठीही हेच प्रमाण सोयीचे ठरते. पावसाळ्यात किनारपट्टीवरील आर्द्रता ८० ते ९० टक्के असते. अशा हवेत तंबाखू कितीही काळ उघडी ठेवली तरी ती १३ टक्क्यांपर्यंत उतरणार नाही. पंखा लावल्यास समतोल लवकर गाठला जातो एवढेच. समतोलाची पातळी बदलत नाही. शिवाय आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीची भीती असते ती वेगळीच.

हवेची ही स्थिती ओळखण्यास स्वयंपाकघरातील मीठ उपयोगी पडते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. उघड्या बशीतील शुद्ध मिठाला पाणी सुटले असेल, तर त्या खोलीत तंबाखू वाळणार नाही हे निश्चित समजावे. खडेमिठावरून मात्र असा निष्कर्ष काढू नये. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, आणि हा क्षार ३३ टक्क्यांच्या वरच पाझरू लागतो. कोकणातील मिठाची बरणी ऐन पावसाच्या आधीच ओलसर लागते ती यामुळे.

हवा बदलण्याचे मार्ग

आगोटीपूर्वी पापड, मिरच्या व सुके मासे वाळवून घेण्यामागे हाच विचार आहे. निपाणी भागातील विडीची तंबाखूही पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेत व उन्हात वाळविली जाते. डबा भर पावसात उघडावयाचा असेल तर ही सोय राहत नाही. तेव्हा तंबाखूभोवतीची थोडीशी हवा तरी कोरडी करावी लागते.

सर्वांत सोपा मार्ग उष्णतेचा होय. २७ अंशांवर एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यात प्रत्यक्षात २२ ग्रॅम असते. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापविली की तिची क्षमता ५१ ग्रॅमवर जाते. बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांवर उतरते. म्हणून विजेच्या दिव्याच्या उबेत पातळ पसरलेली तंबाखू लवकर वाळते. याहून फार अधिक उष्णता देऊ नये, कारण पाण्याबरोबर सुगंधी द्रव्येही निघून जातात. वाळलेली तंबाखू तत्काळ घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. बाहेर निवत ठेवल्यास ती पुन्हा हवेतील पाणी घेते. वातानुकूलित खोलीतही काम होते, कारण यंत्राच्या थंड नळ्यांवर बाष्पाचे पाणी होऊन ते बाहेर जाते. दाबलेल्या वड्या मात्र आधी हाताने मोकळ्या कराव्यात, कारण आतील पाणी पृष्ठभागावर येण्यास फार वेळ लागतो.

बोटांनी चाचपून ओलावा ओळखण्याची रीत प्रचलित आहे, पण ती फसवी ठरू शकते. सुगंधित तंबाखूत पुष्कळदा ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते, व पाणी उडाल्यावरही ती चिकट लागते. वजन अधिक विश्वसनीय आहे. २० टक्के पाणी असलेल्या १०० ग्रॅम तंबाखूत ८० ग्रॅम कोरडा भाग असतो. ती १३ टक्क्यांवर आली की वजन ९२ ग्रॅम भरते. म्हणजे केवळ ८ ग्रॅम पाणी काढावयाचे असते. हा सर्व विचार जळण्याच्या गुणापुरता आहे. तंबाखूच्या धुराने होणाऱ्या मुखाच्या, घशाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओलावा योग्य राखल्याने कमी होत नाही. ओलाव्याचा आरंभीचा अंक ठाऊक नसल्यास, डब्यातील चिमूटभर तंबाखू आधी तोलून, मग पूर्ण कोरडी करून पुन्हा तोलावी. दोन वजनांतील फरकाला पहिल्या वजनाने भागले की मूळ ओलाव्याचा अंदाज मिळतो, आणि उरलेला डबा किती ग्रॅमपर्यंत उतरवावयाचा हे त्यावरून काढता येते.