जपानमध्ये शिकवायला जाताय? करारावर सही करण्याआधी हमीदाराचे विचारा

शिक्षक म्हणून जपानला जाऊ पाहणारे तरुण बहुधा व्हिसा आणि पगार यांचीच चौकशी करतात. घराचे कोणी विचारत नाही. तिथे उतरल्यावर मात्र पहिली अडचण घराचीच येते, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

१९८७ पासून चालू असलेल्या सरकारी 'जेट' कार्यक्रमातून जाणाऱ्यांना स्थानिक शिक्षण मंडळ बहुधा घर शोधायला मदत करते. खासगी भाषावर्गाच्या किंवा शाळेच्या करारावर जाणाऱ्याला अनेकदा स्वतःच फिरावे लागते.

खरी अडचण आहे हमीदाराची. भाडे थकले तर ते भरण्याची लेखी जबाबदारी घेणारा माणूस, त्याला तिकडे 'होशोनिन' म्हणतात. तो सहसा जपानमध्ये राहणारा आणि कमावता लागतो. काल विमानातून उतरलेल्या शिक्षकाने तो आणायचा कुठून? यासाठी हमी कंपन्या आहेत. सुरुवातीला साधारण अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतके शुल्क घेऊन त्या हमी देतात. पण कंपनी तयार असूनही मालक 'परदेशी नको' म्हणतो, असेही घडते.

जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ मध्ये परदेशी रहिवाशांची पाहणी केली. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. जपानी हमीदार नाही म्हणून नकार मिळालेले ४१.२ टक्के होते.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पुण्या-मुंबईत आजही आधी आडनाव विचारले जाते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. तिथल्या नकारामागे जात नसते. याला भाषा येणार नाही, कचऱ्याचे नियम पाळणार नाही, भाडे बुडवून मायदेशी जाईल, ही भीती असते. पण माणूस न पाहताच दार लावले जाते, आणि ते आपल्याला ओळखीचे आहे.

दाद मागता येते. क्योतो जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये राष्ट्रीयत्वावरून एका कोरियन महिलेला घर नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन भरपाई द्यायला लावली. मात्र अशा नकाराला थेट शिक्षा करणारा कायदा तिथे नाही, आणि आज रात्री झोपायचे कुठे हा प्रश्न खटल्याने सुटत नाही.

पैशांचे गणितही आधीच मांडा. भाडे ७० हजार येन धरा. अनामत (शिकिकिन) एका महिन्याची. मालकाला 'आभार' म्हणून द्यायचे रेइकिन आणखी एका महिन्याचे. ते परत मिळत नाही. (आपल्याकडच्या पागडीची आठवण येतेच.) दलालाला करासह ७७ हजारांपर्यंत, शिवाय हमी शुल्क, विमा, कुलूपबदल आणि पहिले भाडे. हातात किल्ली येईपर्यंत साडेतीन ते चार लाख येन जातात, आणि पहिला पगार अजून लांब असतो.

यावर आम्हाला सर्वांत सरळ वाटणारा मार्ग म्हणजे 'यू.आर.' या निमसरकारी संस्थेची घरे. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदारही नाही. दोन महिन्यांची अनामत आणि ठरावीक उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते. टोक्योच्या निशी-कसाई भागात अनेक भारतीय कुटुंबे अशाच वसाहतींत राहतात. काही इमारती जुन्या आहेत, काहींना लिफ्ट नाही.

ते जमणार नसेल तर नोकरीच्या करारावर सही करण्याआधी शाळेला लेखी विचारा: हमीदार तुम्ही होणार का? सुरुवातीचा खर्च उचल म्हणून देणार का? नोकरी सुटली तर घरही सुटते का? शाळेनेच घर दिले असेल तर हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

घर मिळाले की आत सामान ठेवण्याआधी भिंती, जमीन, मोरी यांचे फोटो काढा. नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूने भरून द्यायची नसते, हे २०२० पासून तिथल्या नागरी संहितेत स्पष्ट लिहिले आहे. अनामत परत मागताना हे फोटो कामाला येतात. १४ दिवसांच्या आत पालिका कार्यालयात पत्ता नोंदवा. आणि पहिल्या दिवशी अंधार पडण्याआधी एक दिवा विकत आणा, कारण भाड्याच्या घरात बहुधा दिवेसुद्धा नसतात.