शेक संपला, पुढचं विचारायचं राहिलं

कमरेखालच्या कर्करोगाचा शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायचा, तर लातूर-नांदेडच्या माणसाला एके काळी परळचं टाटा गाठावं लागे. ऐंशीच्या दशकात बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय झालं आणि लातूरकरांना ते छोट्या रुळांच्या गाडीच्या टप्प्यात आलं. १९८७ साली तिथेच देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नांदेडचे लोक हैदराबाद धरत. पुढे लातुरात विवेकानंद रुग्णालयानं कर्करोगावरचे उपचार सुरू केले, २०१२ मध्ये औरंगाबादेत शासकीय कर्करोग रुग्णालय आलं. चाळीस वर्षांत अंतर निम्म्याहून कमी झालं. बार्शीच्या नोंदवहीत वय, गाव, गाठ कुठली, माणूस जगला की गेला, हे सगळं आलं. जगला तो घरी जाऊन कसा जगला, हे त्यात नाही. नोंदवहीचं ते कामही नव्हे. पण ते काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं, असंही दिसत नाही.

प्रोस्टेट, गुदाशय, मूत्राशय यांवर किरण सोडले की लिंगाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसाही त्या माऱ्यात सापडतात. शस्त्रक्रियेत नस दुखावली तर फरक लगेच कळतो. शेकाचं तसं नसतं. रक्तवाहिन्या आतून हळूहळू अरुंद होतात, रक्त कमी पोचतं आणि सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत ताठरता उतरत जाते. सोबत हार्मोनची इंजेक्शनं असतील तर इच्छाही मावळते. तोवर शेक विसरलेला असतो. माणूस म्हणतो, वय झालं, साखर आहे.

या चाळीस वर्षांत बाहेर बरंच घडलं. १९९८ मध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला परवानगी मिळाली, नव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. शेकानंतरही त्या अनेकांना लागू पडतात. मात्र आधीपासून रोज टाडालाफिल घेतली तर त्रास टळेल, ही आशा २०१४ च्या अमेरिकी चाचणीत फोल ठरली. २०१६ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. संबंधाला पुरेशी ताठरता उपचाराआधी ६७ टक्के पुरुषांना होती. शेक घेणाऱ्या गटात सहा महिन्यांनी ती २२ टक्क्यांवर आली, सहा वर्षांनी २७. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या गटातही सहा वर्षांनी ३० टक्केच उरले होते. अर्थात त्यांतल्या बऱ्याच जणांनी मधल्या काळात उपचार घेतले होते. म्हणजे सगळा दोष शेकाच्या माथी मारता येत नाही, आणि तो नाकारताही येत नाही.

हे आकडे आपल्याकडच्या रुग्णापर्यंत पोचत नाहीत, याचं कारण मला तरी डॉक्टरांच्या अज्ञानात दिसत नाही. खोलीत कोण बसलंय, त्यात ते आहे. साठीपुढचा बाप, शेजारी मुलगा, कधी सूनही. फाईल मुलाच्या हातात, बोलणंही मुलाशी. त्याच्यादेखत बाप काय विचारणार? आणि डॉक्टर तरी विषय कसा काढणार? मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवलं तर बरंच साधेल, पण बाहेर रांग लागलेली असते. मग उत्तर देतात बसस्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून मरेपर्यंत चालवत होते. अशा प्रश्नांना त्यात छापील उत्तरं मिळत. त्या मानानं आपण मागेच आलो.

भिंतीवरच्या पत्त्यावर पैसे जातात, ते एक. दुसरं जिवाचं: छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं सिल्डेनाफिल घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तिथल्या पुडीत काय कुटलंय हे तर देणाराही सांगत नाही. गोळी चालत नसेल तर व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शन आहे, शेवटी शस्त्रक्रियेनं बसवायचं इम्प्लांट आहे. त्यासाठी युरॉलॉजिस्टकडे जायला हवं.

आणि आपल्या भागात ओटीपोटाचा शेक वर्षानुवर्षं बायकांनीच जास्त घेतला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन झालेल्या, याच कर्करोगाच्या तपासणीच्या अभ्यासाची जगानं २००९ मध्ये दखल घेतली. शेकानंतर योनिमार्ग आकसतो, कोरडा पडतो, संबंध दुखरा होतो. डायलेटर नियमित वापरला तर आकसणं आटोक्यात राहायला मदत होऊ शकते. पण तिच्याही शेजारी मुलगाच बसलेला असतो, नाहीतर सासू.