व्हॅनची ग्रिल बदलताना चमक नंतर, भोके आधी

सूत, कापड, तयार कपडे किंवा फर्निचरचा धंदा करणाऱ्या आपल्या बहुतेक बंधूंच्या दारात आज एखादी व्हॅन उभी असते. पूर्वी ती मारुतीची ओम्नी असे. १९८४ साली रस्त्यावर आलेली ही गाडी २०१९ साली बनायची बंद झाली. २०१० पासून विकली जाणारी ईको आता तिची जागा घेऊन बसली आहे. गाडी नवी असते तोवर ठीक, पण चार-सहा महिन्यांत मालकाला तिचे तोंड फिके वाटू लागते. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा दिल्लीच्या कश्मिरी गेटहून आलेली चकचकीत ग्रिल गल्लीतल्या कारागिराकडून बसवून घेतली जाते. हा शौक असला तरी त्यात धंद्याचा भागही आहे. ग्राहकाच्या दारात उभी राहणारी गाडी म्हणजे दुकानाची फिरती पाटी. तेव्हा ग्रिल बदलूच नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. ती घेताना आणि बसवताना काय पाहावे, एवढेच येथे मांडायचे आहे.

ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, पण त्याला थंड ठेवणारा रेडिएटर गाडीच्या तोंडाशी असतो. एसी असेल तर त्याचा कंडेन्सरही तेथेच. इंजिनात तापलेले पाणी रेडिएटरच्या नळ्यांतून फिरते आणि ग्रिलमधून येणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते. सपाट हायवेवर गाडी साठ-सत्तरच्या वेगाने धावत असते तेव्हा हवा आपोआप आत घुसते. अशा वेळी निम्मी ग्रिल बंद असली तरी कदाचित काही जाणवणार नाही. खरी परीक्षा घाटात होते. भिवंडीहून सुताच्या बोऱ्या भरून मालेगावकडे निघालेली गाडी कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढते. इंजिनावर पुरा भार, गाडीला वेग नाही, वरून एप्रिल-मेचे ऊन. त्या वेळी सगळी मदार पंख्यावर असते, आणि पंखा ग्रिलच्या भोकांतून जेवढी हवा मिळेल तेवढीच ओढू शकतो. हवा कमी पडली की पाणी उकळते, अॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जाते. काही शे रुपयांच्या ग्रिलपायी इंजिन खोलावे लागते आणि ऐन सणाच्या तोंडावर माल घाटात अडकतो. नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. वेळेवर माल न मिळालेला ग्राहक दुसरीकडे जातो.

म्हणून ग्रिल हातात घेतली की प्रथम तिच्यातून उजेडाकडे पाहावे. आपण कापडवाले ताग्यासोबत हेच करतो. मलमल आणि जीन यांत फरक काय, तर ताना-बाना किती दाट आणि सूत किती जाड. जाळीचेही तसेच आहे. भोक दहा मिलिमीटरचे आणि तार दोन मिलिमीटरची असेल, तर १४४ भागांपैकी १०० भाग मोकळे, म्हणजे जवळजवळ ७० टक्के. तार तीच ठेवून भोक चार मिलिमीटरचे केले, तर ३६ पैकी १६ भागच उरतात, म्हणजे ४४ टक्के. दोन हात दूर उभे राहून पाहिले तर दुसरी जाळी जास्त देखणी दिसते. दुकानदारही तीच पुढे करतो. कंपनीची मूळ ग्रिल शेजारी ठेवून नवी तिच्यापेक्षा कमी मोकळी वाटली, तर ती परत करावी. काही ग्रिलमध्ये मधोमध मोठी बंद पट्टी किंवा नावाची पाटी असते. तिच्यामागे रेडिएटरचा किती भाग झाकला जातो तेही पाहावे.

आपल्या यंत्रमागाच्या गावांत आणखी एक अडचण आहे, जी इतर शहरांतल्या कारागिराला सुचणारही नाही. कारखान्यापुढे उभ्या गाडीवर रुई आणि तंतू उडत असतात. दगड लागू नये म्हणून कोणी ग्रिलच्या मागे मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावली, की महिन्याभरात तिच्यावर रुईचा नमदा तयार होतो. रस्त्यावरच्या दगडासाठी भोक आठ-दहा मिलिमीटरचे असले तरी चालते. बारीक जाळी लावलीच असेल तर ती सहज काढता यावी आणि दर पंधरवड्याला साफ व्हावी. पाणी मारायचे ते इंजिनच्या बाजूने बाहेर, आणि तेही हलक्या दाबाने. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ पाकळ्या दुमडतात.

आता धातूविषयी. क्रोमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या ग्रिल स्वस्त व हलक्या असतात, पण मुलामा सुटू लागला की गाडी आधीपेक्षा जुनाट दिसते. स्टीलची ग्रिल घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असे सांगतो. या परीक्षेवर भरवसा ठेवू नये. स्वस्त २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हा फरक एका पावसाळ्यात उघडा पडतो. बिलावर नंबर लिहून मागावा. लिहून देण्यास जो काचकूच करतो, त्याचे उत्तर त्यातच आले.

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द. जसा शिंपी आधी फर्मा कापतो, तसा जाड पुठ्ठ्याचा फर्मा काढून मगच जाळी कापावी आणि कडेला दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक ठेवावी. कापलेल्या कडा घासून त्यांवर रबराची बीडिंग बसवावी, नाहीतर त्याच कडा रंग खातात. गाडीवर उभ्या-उभ्या ड्रिल मारणे ही आपल्याकडची वाईट सवय. सुई दोन बोटे आत घसरली की कंडेन्सरला भोक पडते आणि एसीचा गॅस गेला. बंपर किंवा मूळ ग्रिल काढून टेबलावर भोके पाडावीत, पत्र्याच्या भोकाच्या कडेला प्रायमर लावावा आणि नायलॉन लॉकचे नट वापरावेत. नुसत्या डबल टेपवर ग्रिल चिकटवणे म्हणजे पहिल्या पावसात ती रस्त्यावर सोडणे. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हवा वळवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर त्या फेकू नयेत. त्या नसतील तर गरम हवाच फिरून पुन्हा आत येते. कंपनीच्या जुन्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, काढताना तुटतात. कामाला हात घालण्याआधीच नव्या क्लिपा आणून ठेवल्या की गिऱ्हाईक ताटकळत नाही.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले की पुढे लावलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे, दोन्हीही होऊ शकतात. मूळ जागी, मूळ मापाची ग्रिल बसवणे वेगळे आणि बंपरपुढे लोखंडी पाइप ठोकणे वेगळे. पाइपाने पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या कामातही अडथळा येऊ शकतो. नंबर प्लेट झाकली जाऊ नये आणि तिचे रिव्हेट तोडू नयेत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे व तिचे लॉक एकदा तोडले की पुन्हा बसत नाही. ग्रिलमध्ये लाल दिवे लावण्याचाही मोह टाळावा. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरला आणि विमा असेल तर विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. सर्वेअर अपघातानंतर अशाच गोष्टींवर बोट ठेवतो.

काम झाले की लगेच माल भरून निघू नये. एसी चालू करून गाडी जागेवर पंधरा मिनिटे चालू ठेवावी. पंखा सुरू झाल्याचा आवाज येतो का, काटा किंवा तापमानाचा दिवा काय दाखवतो ते पाहावे. मग भरल्या गाडीने जवळचा एखादा चढ चढून यावे. काटा रोजच्या जागेच्या वर सरकला तर ग्रिल काढून पुन्हा जुनी लावावी. म्हणूनच जुनी ग्रिल कारागिराकडे न सोडता क्लिपांसह घरी आणावी. गाडी विकताना गिऱ्हाईकही तीच मागते. आणि गाडी तापलीच, तर रेडिएटरचे झाकण गरम असताना कोणीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे आणि माल पोचवायला दुसरी गाडी बोलवावी.